रिंगमधली माणसे : हॉलिवूडच्या जुन्या मुष्टियुद्धपटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुष्टियुद्धावरचा चित्रपट समजायला बॉक्सिंग कळावे लागत नाही. ठोशांचे प्रकार, वजनी गट, गुणांची मोजणी यांतले काही ठाऊक नसलेला प्रेक्षकही शेवटच्या फेरीत श्वास रोखून बसतो, कारण पडद्यावरचा प्रश्न त्याच्या ओळखीचा असतो. गरिबाच्या पोराकडे विकायला स्वतःच्या शरीराखेरीज काही नसेल, तर ते कुणाला विकायचे, किती मोलाला, आणि कुठवर? अमेरिकी चित्रपटसृष्टीने १९३०च्या दशकापासून १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न पुन्हा पुन्हा हाताळला. ते चित्रपट कुठून आले, कुणी घडवले आणि आज ते कसे पाहावेत, हे मराठी वाचकाला एका जागी सांगावे, यासाठी हे पुस्तक.

या अभ्यासात शिरायच्या वाटा अनेक आहेत. कुणी दिग्दर्शकांच्या वाटेने जातो, कुणी फिल्म न्वार म्हणजे काळोख्या गुन्हेपटांच्या, कुणी अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या इतिहासाच्या. मी वाचकाला नटसंचाच्या वाटेने न्यायचे ठरवले आहे. मुष्टियुद्धपटात नटाला वेशभूषेचा आडोसा मिळत नाही. उघड्या अंगाने, झगझगीत दिव्यांखाली त्याला उभे राहावे लागते. तो कुठल्या वस्तीत वाढला, त्याने कधी खरा मार खाल्ला होता का, हे त्याच्या खांद्यांवरून आणि पावलांवरून कळते. माझे म्हणणे असे की या चित्रपटांचे कथासार वाचून फारसे हाती लागत नाही, श्रेयनामावली वाचावी. त्या नावांमागची आयुष्ये समजली की चारदा ऐकलेली कथाही वेगळ्या वजनाने समोर येते. हे म्हणणे तपासून पाहायला १९४७च्या ‘बॉडी अँड सोल’इतका योग्य चित्रपट दुसरा नाही. म्हणून या पुस्तकाचा मध्य त्याने व्यापला आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. बॉक्सिंग आणि सिनेमा यांची सोयरीक सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ‘ब्लॅक मारिया’ या स्टुडिओत १८९४ सालीच मुष्टियोद्धे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले होते. मार्च १८९७मध्ये नेवाडातल्या कार्सन सिटीत जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची लढत झाली. एनॉक रेक्टरने ती सबंध चित्रित केली. दीड तासाहून लांब असा हा चित्रपट जगातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत गणला जातो. त्या काळचा अवजड कॅमेरा जागचा हलत नसे. रिंग ही ठरावीक मापाची, माणसे दोनच, आणि ती चौकटीबाहेर जाणार नाहीत याची दोरखंडानेच हमी दिलेली; कॅमेऱ्याला असा विषय सोयीचा होता.

सोयीबरोबर राजकारणही आले. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. ४ जुलै १९१० रोजी रीनो इथे त्याने जेम्स जेफ्रीज या गोऱ्या माजी विजेत्याला हरवले आणि त्या लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली. १९१२मध्ये तर लढतींच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यालाच केंद्रीय कायद्याने मनाई केली. ती १९४० साली उठली. रिंगमध्ये कोण जिंकताना दिसावे, याची चिंता सत्तेला किती होती हे यावरून ध्यानात येते. नटसंचाच्या वाटेने जाणाऱ्याने हा मुद्दा पहिल्यापासून जवळ ठेवावा.

बोलपट आल्यावर मुष्टियुद्धाच्या कथांना बहर आला. वॉलेस बीरी आणि छोटा जॅकी कूपर यांचा ‘द चॅम्प’ (१९३१), एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि बेटी डेव्हिस यांचा ‘किड गॅलहॅड’ (१९३७), जेम्स कॅग्नीचा ‘सिटी फॉर काँक्वेस्ट’ (१९४०), एरॉल फ्लिनचा ‘जंटलमन जिम’ (१९४२). हे सगळे आवर्जून पाहावेत असे आहेत, आणि दुसऱ्या प्रकरणात त्यांची ओळख करून दिली आहे. पण आपल्या विषयाचे मूळ स्टुडिओत सापडत नाही. ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आहे.

१९३१ साली स्थापन झालेले ‘ग्रुप थिएटर’ ही डाव्या विचारांच्या, समूहाने काम करू पाहणाऱ्या रंगकर्मींची संस्था. तिच्यासाठी क्लिफर्ड ओडेट्सने ‘गोल्डन बॉय’ हे नाटक लिहिले, आणि नोव्हेंबर १९३७मध्ये ते बेलास्को थिएटरात रंगमंचावर आले. जो बोनापार्ट हा इटालियन स्थलांतरिताचा मुलगा. हातात व्हायोलिनची कला, पण पैसा आणि मान मिळवायला तो रिंगमध्ये उतरतो आणि त्याच हातांची वाट लागते. ही भूमिका आपल्याला मिळेल अशी जॉन गारफिल्ड या तरुण नटाची आशा होती. ती ल्यूथर अ‍ॅडलरला मिळाली. गारफिल्डच्या वाट्याला नायकाचा टॅक्सी चालवणारा मेहुणा आला. त्याच नाटकात आर्ट स्मिथ होता, ली जे. कॉब होता, आणि गुंडाच्या भूमिकेत एलिया कझान होता. गारफिल्डसकट ही चार नावे वाचकाने लक्षात ठेवावीत. एका रंगमंचावर एकत्र काम केलेली ही माणसे पंधरा वर्षांनी कुठे कुठे उभी राहिली, हा या पुस्तकाचा निम्मा विषय आहे.

गारफिल्ड १९३८ साली हॉलिवूडमध्ये गेला आणि ‘फोर डॉटर्स’ या पहिल्याच मोठ्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. मूळ नाव जेकब ज्युलियस गारफिंकल, जन्म १९१३चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू वस्तीतला. याच भागातून बेनी लेनर्डसारखा लाइटवेट विजेता आला होता. १९२० आणि ३०च्या दशकांत अशा वस्त्यांतल्या पोरांना रिंग ही वर जायची खरीखुरी शिडी होती. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओबरोबरचा करार संपल्यावर गारफिल्डने ‘एंटरप्राइज’ या नव्या स्वतंत्र संस्थेसाठी चित्रपट करायचे ठरवले. प्रथम डोळ्यांपुढे होते बार्नी रॉसचे चरित्र : तीन वजनी गटांतला विजेता, महायुद्धात ग्वादालकनालला लढलेला सैनिक. पण युद्धातल्या जखमांवर घेतलेल्या मॉर्फिनचे रॉसला व्यसन लागल्याचे उघड झाले, आणि अमली पदार्थांचा विषय तेव्हाच्या सेन्सॉर संहितेत बसणारा नव्हता. मग एब्रहॅम पोलोन्स्कीने नवी कथा रचली आणि रॉबर्ट रॉसेनने ती दिग्दर्शित केली.

ती कथा अशी. चार्ली डेव्हिसच्या बापाचे गोळ्या-चॉकलेटांचे छोटेसे दुकान. शेजारच्या चोरट्या दारूच्या अड्ड्यावर बाँब पडतो आणि बाप त्यात जातो. आई कर्जाऊ मदतीसाठी अर्ज करते. चौकशीला आलेली बाई घरात बसून रकाने भरते : वंश कोणता, धर्म कोणता, राष्ट्रीयत्व काय. चार्ली आत येतो, ते ऐकतो, बाईला बाहेर काढतो आणि आपल्या दोस्ताला, शॉर्टीला, सांगतो की मला लढत मिळवून दे. त्यापेक्षा बंदूक आणून स्वतःला गोळी घालून घे, असे आई संतापून म्हणते. बंदूक घ्यायलाही पैसे लागतात, असे तो उत्तरतो. दोन-तीन मिनिटांचा हा प्रसंग मी वाचकाला पुन्हा पुन्हा पाहायला सांगेन. गारफिल्ड इथे ओरडतो ते नीट ऐका. लाज वाटणाऱ्या मुलाचा राग असाच निघतो. आईचे काम करणारी अ‍ॅन रिव्हियर वयाने त्याच्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठी होती, पण तिच्या ताठ मानेमुळे आपल्याला ते जाणवतही नाही.

चार्ली वर चढतो आणि रॉबर्ट्स नावाच्या सावकारी वृत्तीच्या गुंडाच्या हाती सापडतो. विजेतेपदाची लढत असते बेन चॅपलिन या कृष्णवर्णीय विजेत्याशी. बेनच्या मेंदूत रक्ताची गाठ झालेली आहे. चार्ली जपून मारेल असा शब्द रॉबर्ट्स त्याला देतो. चार्लीला मात्र काहीच सांगितले जात नाही. बेन कोसळतो, कायमचा जायबंदी होतो. पुढे तोच चार्लीचा प्रशिक्षक बनतो आणि सराव-शिबिरात एका रात्री, रॉबर्ट्सने हाकलल्यावर, रिकाम्या रिंगमध्ये एकटाच हवेत ठोसे मारत मरतो. अखेर चार्लीलाही नुरा कुस्ती खेळायला सांगितले जाते : हरायचे, आणि स्वतःविरुद्ध पैसे लावून श्रीमंत व्हायचे. तो कबूल होतो. पंधराव्या फेरीत तो काय करतो, हे ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याच्यासाठी मी इथे सांगत नाही. एवढेच नोंदवतो की शेवटाबद्दल रॉसेन आणि पोलोन्स्की यांचे मतभेद झाले होते. नायक मरावा, असे दिग्दर्शकाला वाटत होते; पटकथाकाराचा शेवट राहिला.

बेनचे काम करणारा कॅनडा ली हा या चित्रपटाचा खरा ठेवा आहे. ‘गोल्डन बॉय’मध्ये ओडेट्सने व्हायोलिन आणि बॉक्सिंग या दोन टोकांत ओढला जाणारा नायक कल्पनेने रचला, कॅनडा ली ते आयुष्य प्रत्यक्ष जगला होता. लहानपणी तो व्हायोलिन शिकला, पौगंडवयात घर सोडून घोडेस्वार जॉकी झाला, मग व्यावसायिक मुष्टियोद्धा. रिंगमधल्या दुखापतीने एका डोळ्याची दृष्टी गेली आणि ती कारकीर्द संपली. नंतर तो रंगभूमीवर आला. १९४१ साली ऑर्सन वेल्सने दिग्दर्शित केलेल्या ‘नेटिव्ह सन’मध्ये त्याने मुख्य भूमिका केली. तेव्हा शिबिरातल्या त्या रात्री बेन हवेत हात फेकतो, त्या हातांना खरी सवय आहे. संवाद कमी आहेत, हेल काढून बोलणे नाही, विनोदी नोकराचा साचा नाही. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय नटाला अशी भूमिका क्वचितच मिळे.

आणखी एक मुष्टियोद्धा या चित्रपटात आहे, पण तो कॅमेऱ्यामागे. छायालेखक जेम्स वाँग हाउ चीनमध्ये जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि तरुणपणी बॉक्सिंग करत असे. शेवटच्या लढतीसाठी तो पायांत रोलर स्केट्स घालून, हातात हलका कॅमेरा धरून रिंगमध्ये उतरला आणि साहाय्यकाने त्याला ढकलत फिरवले. युद्धाच्या वार्तापटांतली थरथर त्याने इथे आणली. मारणाऱ्याच्या अंतरावरून दिसणारे चेहरे, झोकांड्या खाणारी चौकट, अंगावर येणारा हातमोजा हे सगळे आज ओळखीचे झाले आहे. तेव्हा ते नवे होते. फ्रान्सिस लायन आणि रॉबर्ट पॅरिश यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले. गारफिल्डला अभिनयाचे आणि पोलोन्स्कीला पटकथेचे नामांकन मिळाले.

आता नामावलीच्या दुसऱ्या वाचनाकडे वळू. १९४७च्या ऑक्टोबरात, म्हणजे हा चित्रपट नवा असतानाच, अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांच्या शोधासाठी सुनावण्या सुरू केल्या. पुढच्या पाच-सहा वर्षांत या चित्रपटातल्या माणसांपुढे चार्लीचाच प्रश्न आला : सहकाऱ्यांची नावे सांगा आणि काम टिकवा. अ‍ॅन रिव्हियर ‘नॅशनल व्हेल्वेट’साठी ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री, तिने उत्तरे नाकारली आणि सुमारे दोन दशके ती पडद्यावरून गेली. रॉबर्ट्सचे, म्हणजे खरेदीदाराचे, काम करणारा लॉइड गॉफ काळ्या यादीत, म्हणजे स्टुडिओ ज्यांना काम देत नसत त्यांच्या यादीत, गेला. १९५२च्या ‘रँचो नटोरियस’मध्ये तो दिसतो, पण नामावलीत त्याचे नाव नाही. चार्लीच्या बापाचे काम केलेल्या आर्ट स्मिथचे नाव १९५२मध्ये समितीला सांगितले ते त्याच्या ‘गोल्डन बॉय’मधल्या सोबत्याने, एलिया कझानने. पोलोन्स्कीला १९४८च्या ‘फोर्स ऑफ इव्हिल’नंतर पुन्हा दिग्दर्शक म्हणून नाव लागायला १९६९ उजाडले.

गारफिल्ड एप्रिल १९५१मध्ये समितीपुढे गेला आणि त्याने कुणाचेही नाव दिले नाही. काम आटले. मार्च १९५२मध्ये ब्रॉडवेवर ‘गोल्डन बॉय’ पुन्हा आले आणि जो बोनापार्टची भूमिका पंधरा वर्षांनी अखेर त्याला मिळाली. ९ मे रोजी कॅनडा ली वारला, पंचेचाळिसाव्या वर्षी. २१ मे रोजी हृदयविकाराने गारफिल्ड गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी. रॉसेनने १९५१मध्ये नावे द्यायचे नाकारले होते. दोन वर्षे बेकार राहिल्यावर १९५३मध्ये त्याने पन्नासहून अधिक नावे दिली.

इथे अभ्यासकाने सावध राहायला हवे. ‘बॉडी अँड सोल’ पुढचे भविष्य जाणून काढलेला नव्हता. त्यात भाकीत शोधू नये. नाकारणारे सारे संत आणि बोलणारे सारे खल, अशी वाटणीही करू नये. चार्ली स्वतःच आधी विकला जातो आणि मग वळतो. माणूस दोन्ही करू शकतो, हे चित्रपटालाच ठाऊक आहे. आणि नामावली हा आपला पुरावा असला तरी त्या काळात तीही खोटी छापली जात होती. रॉबर्ट वाइजच्या ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ (१९५९) या चित्रपटाच्या लेखकांत पोलोन्स्कीचे नाव नव्हते. त्याच्या जागी दुसऱ्याचे होते. ते श्रेय त्याला १९९०च्या दशकात परत मिळाले. नावे वाचायची, आणि गाळलेली नावेही शोधायची, असे हे काम आहे.

हाच रॉबर्ट वाइज १९४९च्या ‘द सेट-अप’चा दिग्दर्शक. बहात्तर मिनिटांचा चित्रपट, आणि कथेतला वेळही तेवढाच. रॉबर्ट रायनने त्यात उतारवयाला लागलेल्या स्टोकर थॉम्पसनचे काम केले आहे. रायन डार्टमथ महाविद्यालयाचा हेवीवेट विजेता होता, आणि दमलेला मुष्टियोद्धा स्टुलावर कसा बसतो हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. जोसेफ मॉनक्युअर मार्चच्या ज्या दीर्घकाव्यावरून हा चित्रपट आला, त्यात नायक कृष्णवर्णीय होता. पडद्यावर तो गोरा झाला. त्याच वर्षी मार्क रॉब्सनचा ‘चॅम्पियन’ आला आणि निर्दय मिज केलीच्या भूमिकेने कर्क डग्लसला मोठा नट केले. १९५६चा ‘द हार्डर दे फॉल’ हा हम्फ्री बोगार्टचा शेवटचा चित्रपट. मूळ कादंबरी बड शुलबर्गची, आणि त्यात माजी हेवीवेट विजेते मॅक्स बेअर आणि जर्सी जो वॉलकॉट प्रत्यक्ष काम करतात. या तिन्हींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्यांना हे सगळे नाटकी वाटते त्यांच्यासाठी एक नोंद : जेक लामोटा १४ नोव्हेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली फॉक्सशी मुद्दाम हरला, आणि १९६० साली सिनेटच्या उपसमितीपुढे त्याने तसे कबूल केले. पुढे मार्टिन स्कोर्सेसीने ‘रेजिंग बुल’ (१९८०) काढला तो याच लामोटावर.

‘गोल्डन बॉय’मधल्या चार नावांचा दुसरा धागा मुंबईपर्यंत येतो. कझानने साक्ष दिल्यानंतर दोन वर्षांनी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) काढला. लिहिला शुलबर्गने, त्यानेही साक्ष दिली होती. गुंडाचे काम केले ली जे. कॉबने, त्यानेही. नायक एक माजी मुष्टियोद्धा, भावाच्या सांगण्यावरून लढत हरलेला. साक्ष देणे हेच इथे धैर्य ठरते. ‘बॉडी अँड सोल’च्या शेजारी ठेवून पाहिला तर दोन चित्रपट एकमेकांशी वाद घालताना ऐकू येतात. आणि १९९८मध्ये विक्रम भट्टच्या ‘गुलाम’मधून तीच कथा हिंदीत आली. आमिर खानने केलेल्या त्या मुंबईकर मुष्टियोद्ध्याचे आडनाव मराठे आहे. ज्या प्रश्नाची सुरुवात बेलास्को थिएटरात झाली, तो आपल्या प्रेक्षकाने आपल्याच शहरात पाहिलेला आहे; मागचा इतिहास मात्र त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

नव्या वाचकाला एवढेच सुचवतो. आधी ‘बॉडी अँड सोल’ पाहा, लगेच ‘द सेट-अप’, मग ‘ऑन द वॉटरफ्रंट’. पहिल्यांदा पाहताना लढतीकडे पाहा. दुसऱ्यांदा रिंगबाहेर बसलेल्यांकडे : पैसे लावणारे, ओरडणारे, कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभे असलेले. बायकांकडेही पाहा. चार्लीची प्रेयसी झालेली लिली पामर नाझी राजवटीतल्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू अभिनेत्री होती, आणि पैशापुढे न झुकण्याची भाषा या चित्रपटात आधी तिच्या आणि आईच्या तोंडी आहे. तिसऱ्यांदा नामावली थांबवून वाचा आणि त्यातले एखादे नाव निवडून त्याच्या मागे जा. या क्षेत्रातले पुष्कळसे काम असेच, एकेका नावामागे जाऊन झाले आहे. साहाय्यक नटांबद्दल, लढती बसवणाऱ्या माजी मुष्टियोद्ध्यांबद्दल, छायालेखकांबद्दल अजून खूप लिहायचे बाकी आहे, आणि मराठीत तर जवळजवळ सगळेच. पुढची प्रकरणे वाचताना माझे म्हणणे कुठे अपुरे वाटले, तर तिथूनच तुमचा अभ्यास सुरू करा. या विषयाला आणखी अभ्यासक हवे आहेत.